जिनिंगच्या प्रेसला तडा गेला म्हणून एफईएम करायला बसलो

पारोळ्याच्या बाजूला एक जिनिंग आहे, तिथल्या गाठी बांधायच्या प्रेसला तिसऱ्या सीझनमध्ये तडा गेला. खालचं आडवं बीम आणि उभा खांब जिथे मिळतात तिथल्या गसेटच्या, म्हणजे कोपऱ्यातल्या आधाराच्या प्लेटच्या, टोकाला, वेल्डच्या अगदी कडेकडेने, बोटभर लांब, आणि फक्त एकाच बाजूला. शेठनी मिस्त्रीकडून तो खरवडून भरून घेतला, वर एक बारा एमएमची पट्टी मारली आणि प्रेस परत सुरू, तर थोड्याच दिवसात पट्टी जिथे संपते तिथून नवा तडा. मग आम्हाला फोन. शेठचं मत आधीच ठरलेलं होतं, बनवणाऱ्याने स्टील हलकं लावलंय, तुम्ही फक्त लेटरहेडवर लिहून द्या की वरच्या ग्रेडचं लागतं, बाकी मी बघून घेतो त्याच्याकडे.

आमचं जळगावला छोटं डिझाईनचं ऑफिस आहे, काम बहुतेक फॅब्रिकेशनवाल्यांचं, डाळमिलचे एलिव्हेटर, ठिबकच्या फिल्टरच्या टाक्या, ट्रॉल्या, शेड. यातल्या बहुतेक कामाला एफईएम, म्हणजे वस्तूचे तुकडे पाडून कॉम्प्युटरवर ताण काढायची फायनाइट एलिमेंट पद्धत, लागतच नाही, कॅल्क्युलेटर आणि आयएस कोड पुरतो, आणि मला खरं तर तेच आवडतं. पण जिथे जाड प्लेटा तीन दिशांनी येऊन एका कोपऱ्यात वेल्ड झाल्यात तिथे पुस्तकातला बीमचा फॉर्म्युला हात टेकतो. बीमच्या मधोमध ताण किती ते तो बरोबर सांगतो, पण तडा मधोमध नाही, कोपऱ्यात आहे.

आधी प्रेस कशी आहे ते सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सिलिंडर वर, त्यातला दाबणारा दांडा म्हणजे रॅम खाली येतो, खाली बॉक्समध्ये रुई, १७० किलोची गाठ. सिलिंडरचा बोअर म्हणजे आतला व्यास ३०० एमएम आणि शेवटच्या दाबाला गेजवर २०० बार, म्हणजे जोर १४ लाख न्यूटनच्या थोडा वर, आपल्या भाषेत १४४ टन. हा जोर वरच्या बीमला वर ढकलतो आणि गाठीतून खालच्या बीमला खाली ढकलतो, मधले दोन खांब ताणले जातात. बीमची प्लेट २५ एमएम, दोन खांबांमध्ये १८०० एमएम अंतर. सीझनला साधारण ३६ हजार गाठी निघतात असं रजिस्टर सांगत होतं, म्हणजे तेवढ्या वेळा हा १४४ टनाचा झटका.

सॉफ्टवेअर विकत घेण्याएवढं आमचं बजेट नाही, चांगल्या पॅकेजचं वर्षाचं लायसन म्हणजे इथे एका पोराचा पगार. आम्ही कॅल्क्युलिक्स वापरतो, फुकट आहे, म्युनिकच्या एमटीयू या विमानाची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीतल्या गुइडो धोंट आणि क्लाउस विटिग या दोघांनी लिहिलेलं. त्याच्यावर चेहरा म्हणून प्रीपोमॅक्स. फुकटचं म्हणून कमअस्सल असं समजू नका, ज्या कामासाठी ते लिहिलंय त्यापुढे आमची प्रेस म्हणजे किरकोळ गोष्ट. ही पद्धत मुळात विमानवाल्यांचीच. गणितात रिचर्ड कूरांट यांनी १९४३ मध्येच त्रिकोणांचे तुकडे पाडून उत्तर काढायची कल्पना मांडली होती, पण इंजिनिअरांच्या हातात ती आली १९५६ च्या टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांच्या पेपरमधून, तो बोइंगमध्ये विमानाच्या पंखाचा ताठपणा काढायच्या भानगडीतून निघालेला, आणि फायनाइट एलिमेंट हे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं.

आत काय चालतं ते थोडक्यात असं की वस्तूचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा ताठपणा मांडायचा, तुकडे ज्या बिंदूंवर जोडलेत ते नोड, आणि सगळ्यांची मिळून एक भली मोठी समीकरणांची गठडी सोडवायची, त्यातून प्रत्येक नोड किती सरकला ते निघतं. ताण म्हणजे स्ट्रेस हा नंतर त्या सरकण्यावरून काढला जातो. ही गोष्ट नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो कारण याचा व्यवहारात मोठा अर्थ आहे, जाळी म्हणजे मेश थोडी जाड असली तरी वाकणं बऱ्यापैकी बरोबर येतं, ताण मात्र उशिरा सुधारतो. त्यामुळे वाकण्याचा आकडा जुळला म्हणजे ताणही जुळला असं नाही.

मॉडेल आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या पोराने केलं, बांभोरीकडून रोज स्प्लेंडरवर येतो, हुशार आहे. युनिटचं त्याला बजावून ठेवलेलं, मिलिमीटर, न्यूटन, मेगापास्कल धरलं की वस्तुमान टनात येतं, म्हणजे स्टीलचा मॉड्युलस, त्याच्या ताठपणाचा आकडा, २ लाख १० हजार आणि घनता ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात, तिथे सवयीने ७८५० टाकलं तर प्रेस स्वतःच्याच वजनाने जमीनदोस्त. ते त्याने नीट केलं होतं. तुकडे शेल म्हणजे नुसत्या पृष्ठभागाचे घ्यायचे की सॉलिड म्हणजे भरीव, यावर आमची थोडी चर्चा झाली, पातळ लांब-रुंद प्लेटांना शेल स्वस्त पडतात, पण कॅल्क्युलिक्स शेलला आतल्या आत जाड करून सॉलिडच बनवतं आणि जिथे प्लेटा कोनात भेटतात तिथे एक कडक गाठ मारून ठेवतं, आणि आपल्याला नेमकं तिथलंच बघायचं होतं, म्हणून सॉलिड. त्यातही चार नोडचा त्रिकोणी-पिरॅमिड छाप साधा टेट्रा नको, तो वाकण्यात उगाच ताठ वागतो आणि ताण कमी दाखवतो, दहा नोडचा घ्यायचा, सी३डी१०. लॅपटॉपचा पंखा जोरात फिरतो एवढंच.

संध्याकाळी त्याने चित्र दाखवलं, छान रंगीत, कोपऱ्यात लाल. मी म्हटलं चित्र राहू दे, रिअॅक्शनचा आकडा दाखव, म्हणजे आधाराला किती उलटा जोर येतो तो. हे मी कायम करतो आणि समोरच्याला वाटतं हा मुद्दाम खोडी काढतोय. त्याने डावी-उजवी आणि पुढची-मागची बाजू सारखी म्हणून प्रेसचा चौथा हिस्सा घेतला होता, खालचे पाय जमिनीला फिक्स केले होते आणि वरच्या बीमला जोर वर लावला होता. पायाची रिअॅक्शन आली साडेतीन लाख न्यूटन, चारने गुणलं की १४ लाख. म्हणजे या मॉडेलप्रमाणे प्रत्येक गाठीला १४४ टनाने प्रेस जमिनीतून उपटली जायला बघते आणि फाउंडेशनचे बोल्ट ती धरून ठेवतात.

"ते बोल्ट बघितले का तू?" मी विचारलं.

"हो दादा, एम२४ चे चार आहेत."

"चारांवर १४४ टन राहील का?"

तो हिशोब करायला लागला आणि मधेच थांबून हसला. प्रेस ही स्वतःतच बंद असलेली चौकट आहे, जोर वर जातो तेवढाच खाली येतो, जमिनीला फक्त मशीनचं वजन कळतं. मग त्याने वरच्या बीमला वर आणि खालच्या बीमला तेवढाच खाली जोर लावला, आणि मॉडेल हवेत तरंगू नये एवढ्यापुरतं एका ठिकाणी धरलं. आता पायाची रिअॅक्शन वजनाएवढीच. आणि चित्र पूर्ण बदललं, आधीच्या मॉडेलमध्ये खालच्या बीमला काही कामच नव्हतं, ते निळंशार, आणि प्रत्यक्षात तडा तिथेच गेलेला. सॉफ्टवेअरने दोन्ही वेळेला एकही एरर दिला नाही हे लक्षात घ्या. त्याला काय, तुम्ही सांगाल तो प्रश्न तो सोडवणार.

पुढची गंमत मेशची. कोपऱ्यात मेश २० एमएम होती तेव्हा कमाल ताण २४० मेगापास्कल दिसत होता. १० केली तर ३३०. पोराला वाटलं अजून बारीक करू, आकडा स्थिर होईल, ५ ला ४५०, अडीचला ६१५. कॉलेजात शिकवतात की मेश बारीक करत जा आणि उत्तर थांबलं की ते खरं, पण तीक्ष्ण आतल्या कोपऱ्यात ते थांबतच नाही, कारण लवचिकतेच्या गणितात तिथे ताण अनंतच आहे. काटकोनी आतला कोपरा असेल तर मेश निम्मी केली की आकडा दर वेळी साधारण सदतीस टक्क्यांनी चढतो, वरचे आकडे भागून बघा, तसेच आहेत. म्हणजे त्या लाल ठिपक्यावरचा आकडा हा स्टीलचा गुणधर्म नाही की डिझाईनचा नाही, तुमच्या मेशच्या साइजचा आहे. मी असे रिपोर्ट बघितलेत ज्यात हाच आकडा पहिल्या पानावर ठळक छापलेला असतो आणि त्याच्याखाली सेफ किंवा अनसेफ.

वेल्डसाठी म्हणून वेगळी रीत आहे, हॉट स्पॉट स्ट्रेस म्हणतात, इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वेल्डिंगच्या शिफारशींमध्ये आहे. वेल्डच्या टोकावरचा आकडा वाचायचाच नाही. टोकापासून प्लेटच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावर, पृष्ठभागावर, वेल्डला आडवा जाणारा ताण वाचायचा. आमच्या २५ च्या प्लेटला म्हणजे १० एमएम आणि २५ एमएमवर. मग पहिल्याला १.६७ ने गुणायचं, त्यातून दुसऱ्याची ०.६७ पट वजा करायची. तेवढ्या अंतरावर कोपऱ्याचा तो खोटा फुगवटा पोचत नाही आणि मेश थोडी इकडेतिकडे झाली तरी आकडा जागचा हलत नाही. आमचा आला २०५. या प्रकारच्या भार वाहणाऱ्या फिलेट वेल्डला परत परतच्या भाराने येणाऱ्या थकव्याचा फॅट ९० चा वर्ग, म्हणजे ९० मेगापास्कलचा चढउतार २० लाख वेळा झेलेल, आणि ताण वाढला की आयुष्य त्याच्या घनाच्या प्रमाणात घटतं. ९० भागिले २०५, त्याचा घन, गुणिले २० लाख, म्हणजे जवळपास १ लाख ६९ हजार गाठी. साडेचार सीझनच्या पुढे.

पण तडा तिसऱ्या सीझनला गेला होता. आणि एकाच बाजूला, आमचं मॉडेल तर दोन्ही बाजूंना सारखाच ताण दाखवत होतं, दाखवणारच, आम्ही चौथाच हिस्सा घेतला होता, डावं-उजवं सारखं हे आम्हीच त्याला सांगितलेलं. इथे वेल्डर खराब होता असं म्हणून फाइल बंद करता आली असती आणि शेठही खुश झाले असते, वेल्ड दोन्हीकडे सारखाच दिसत होता मात्र.

त्यापेक्षा प्रेस चालू असताना बघायला गेलो. एरवी आमची साइट व्हिजिट म्हणजे टेप, फोटो, चहा. या वेळी नुसता उभा राहून बघत होतो, नाकातोंडात रुईचा भुगा. प्रेसवर एक जुने आप्पा आहेत, अमळनेरकडचे, त्यांना विचारलं की आप्पा, हीच बाजू का फुटते. ते म्हणाले, "भाऊ, कापूस बठा एकच बाजूले पडस, दाब तठेच जास्ती लागस." रुई स्लाइडवरून येते ती वेगात असते, बॉक्समध्ये मधोमध पडत नाही, पलीकडच्या भिंतीला आपटून तिथेच साठते. ट्रॅम्पर ती खाली दाबतो पण सारखी पसरवत नाही. म्हणजे गाठीची एक बाजू घट्ट, एक पोकळ, आणि १४४ टनाची उलटी प्रतिक्रिया मधून न येता एका अंगाने येते.

मग तिथल्याच फिटरने स्वतःहून दुसरी गोष्ट सांगितली, की रॅमच्या प्लेटला गाइड करणारे गनमेटलचे लायनर आहेत त्यातले तिरके समोरासमोरचे दोन, म्हणजे एका खांबाचा वरचा आणि दुसऱ्या खांबाचा खालचा, हेच कायम झिजतात, बाकीचे तसेच निघतात. हे ऐकलं आणि मला तिथेच बसून कागदावर लिहावंसं वाटलं, कारण जोर मधून ढळला तर रॅम तिरका व्हायला बघतो आणि त्याला सरळ धरायचं काम लायनर करतात, वर एकीकडे आणि खाली दुसरीकडे. झिजेचा नमुना म्हणजे त्या आडव्या जोराची सहीच. भार १२० एमएम ढळला असं गाठीच्या दोन टोकांच्या उंचीतल्या फरकावरून धरलं, वरच्या-खालच्या लायनरमधलं अंतर १२०० एमएम, म्हणजे जोराचा दहावा हिस्सा, चौदा टनांच्या वर आडवा दाब दर गाठीला खांबांवर. हा जोर प्रेसच्या ड्रॉइंगवर कुठेच नव्हता, कुठे असणार.

परत मॉडेल. आता अर्धा हिस्सा, पुढचं-मागचं सारखं एवढंच धरलं, डावं-उजवं मोकळं सोडलं. खालचा भार ढळवला, लायनरच्या जागी आडवे जोर लावले. बेरीज शून्य, मोमेंटची बेरीज शून्य, हे आधी तपासलं. तडा गेलेल्या बाजूला १० एमएमवर २२६, २५ एमएमवर १९०, हॉट स्पॉट २५०. त्याचं आयुष्य ९३ हजार गाठी, भागिले ३६ हजार, अडीच सीझनच्या किंचित पुढे. दुसऱ्या बाजूचा ताण २०५ च्याही खाली गेला.

आकडा इतका जुळला की मलाच संशय आला. खरं सांगायचं तर एवढं जुळण्यात नशिबाचा भाग आहे, फॅटचा वर्ग हा शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जोड तरी टिकावेत असा खालच्या बाजूने धरलेला असतो, सरासरी जोड त्यापेक्षा जास्त चालतो. आणि १२० एमएम हाही अंदाजच. कुठली बाजू आणि साधारण कुठल्या सीझनला, एवढं त्याच्यातून घ्यावं, ९३ हजार १७० व्या गाठीला तडा जाईल असं नाही.

स्ट्रेन गेज लावायची हौस होती पण ते काम पुण्याहून माणूस बोलावण्याचं. डायल गेज मात्र होता. वेगळ्या स्टँडवर, प्रेसला न टेकवता, खालच्या बीमच्या मधोमध तळाला आणि दोन्ही खांबांच्या पायाशी लावला आणि गाठ दाबताना काटा बघितला. खांबांच्या मानाने बीम १.४ एमएम वाकत होतं. मॉडेल म्हणत होतं १.२, आणि हाताचा बीमचा हिशोब एक एमएमच्या आसपास. यात मी समाधानी. खऱ्या मशीनला थोडी झीज, थोडा ढिलेपणा असतोच, ते मॉडेलपेक्षा जरा जास्तच वाकतं. उलट झालं असतं, मशीन मॉडेलपेक्षा ताठ निघालं असतं, तर मला झोप लागली नसती.

आता शेठच्या स्टीलकडे. सध्याचं आयएस २०६२ चं ई२५० आहे, त्यांना ई३५० हवं होतं, खर्च करायची तयारीही होती. पण वेल्ड केलेल्या जोडाची थकव्याची ताकद स्टीलच्या ग्रेडवर अवलंबून नसते. वेल्डच्या कडेला बारीक खाचा आणि कचरा आधीपासून असतो, तडा तिथूनच सुरू होतो आणि त्याची वाढ दोन्ही स्टीलमध्ये जवळपास सारख्याच वेगाने होते, म्हणून फॅट ९० हा ई२५० लाही ९० आणि ई३५० लाही ९०. शेठना हे काही केल्या पटेना. महाग ते जास्त टिकतं हा व्यापाऱ्याचा साधा हिशोब आणि बाकी सगळीकडे तो खराही आहे. शेवटी मी त्यांना विचारलं की मिस्त्रीने मारलेली पट्टी का नाही टिकली, जाडी तर वाढली होती. ते गप्प. पट्टीने तो भाग ताठ झाला, ताठ झाल्यावर त्याने जोर अजून स्वतःकडे ओढला, आणि पट्टीच्या टोकाला नवा वेल्ड, नवी खाच.

आम्ही उलट केलं. गसेटचं टोक निमुळतं करून मोठ्या गोलाईने संपवलं, म्हणजे ताठपणा एकदम न तुटता हळूहळू उतरतो, वेल्डचं टोक जास्त ताणाच्या जागेपासून लांब नेलं, तिथे फुल पेनिट्रेशन, म्हणजे प्लेटच्या पूर्ण जाडीतून वेल्ड, आणि कड ग्राइंडरने गुळगुळीत. जुना तडा पूर्ण खोदून काढून डाय पेनिट्रंट, म्हणजे बारीक तडा दाखवणारा रंग, मारून खात्री केली मगच भरला. आणि स्लाइडच्या तोंडाला एक वाकवलेला पत्रा, रुई मधोमध पडावी म्हणून, तो आप्पांनी उभं राहून जागेवरच ठोकून ठोकून बसवला, आमच्या ड्रॉइंगमधला कोन त्यांना पसंत नव्हता आणि त्यांचाच बरोबर निघाला. नवीन आकाराचा हॉट स्पॉट १६० आला, साडेतीन लाखांच्या वर गाठी, त्यातही भार ढळलेलाच धरून, ग्राइंडिंगचा फायदा हिशोबात न घेता.

रिपोर्ट दिला तेव्हा शेठनी आकडे उलटून टाकले आणि चित्रावर थांबले. चित्रात वाकणं दीडशे पटीने वाढवून दाखवलेलं होतं, तसं खाली लिहिलंही होतं, पण ते कोण वाचतं. "एवढी वाकते माझी प्रेस?" म्हणून ते खरंच घाबरले, मुनीमजींना हाक मारून दाखवलं. मी समजावलं, मग खऱ्या मापाने, एकास एक, दुसरं चित्र काढून दिलं, त्यात अर्थातच काहीच दिसत नाही, नुसती सरळ उभी प्रेस. ते त्यांनी बराच वेळ डोळ्याजवळ धरून बघितलं आणि परत दिलं. म्हणाले, यात काय आहे, याचे पैसे कसे देणार, तो मागचाच फोटो द्या, मोठा करून, फ्रेमसाठी.